दहावीनंतरचं मैदान



अध्यक्षपदाच्या निमित्तानं आपल्या जिल्ह्यातल्या आणि पैनगंगेपलीकडच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांसमोर, म्हणजे पीईटींसमोर, आणि गावोगावच्या क्रीडा मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर मला बोलायला वेळ दिलात. तो मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. आदिलाबाद जिल्ह्यातली मुलगी दहावीपर्यंत खेळते आणि मग तिचं मैदान संपतं. तिच्या भावाचं संपत नाही. हे का होतं आणि सरकारी आदेशाची वाट न पाहता आपण त्यावर काय करू शकतो, ते मला मांडायचं आहे.

शाळेच्या स्पर्धांची वाट आपल्या सगळ्यांच्या पायाखालची आहे. मंडल, जिल्हा, झोन, राज्य आणि नशीब व मेहनत दोन्ही असतील तर शालेय क्रीडा महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. प्रत्येक गटात मुलांचे संघ आणि मुलींचेही. या वाटेनं आपल्या जिल्ह्याला खूप काही दिलं. आश्रमशाळांतल्या गोंड आणि कोलाम मुली, कस्तुरबा विद्यालयांतल्या बंजारा मुली, मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद हायस्कूलमधल्या मुली आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर एकमेकींसमोर उभ्या राहतात, ते याच स्पर्धांमुळे. एका संघात चार घरभाषा असतात आणि खेळ अडत नाही. मी शिकवत होते तेव्हा हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला त्याचा अभिमान वाटला.

पण या वाटेच्या दोन मर्यादा आहेत. पहिली वयाची. दुसरी हद्दीची, आणि ती आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना जास्त बोचते. आपल्या बेला मंडलातली मुलगी जिंकली की आदिलाबादला येते आणि पुढे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादच्या दिशेनं निघते. नदीपलीकडे महाराष्ट्रातल्या पांढरकवड्याची मुलगी जिंकली की यवतमाळला जाते, तिथून अमरावती विभागाकडे. दोघींच्या गावांत अंतर फारसं नाही, बोली जवळजवळ एक, पण शाळेच्या स्पर्धेत त्या एकमेकींसमोर येतील ते फक्त राष्ट्रीय पातळीवर, म्हणजे हजारांत एखादी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आपल्याच जिल्ह्याचे तालुके पलीकडे गेले. सोयरिकी राहिल्या, बाजार राहिले, नंदीग्राम एक्सप्रेसनं येणं-जाणं राहिलं. शाळेचा खेळ तेवढा दोन राज्यांत विभागला गेला.

मुलांच्या बाबतीत ही उणीव गावानं भरून काढली. गावानंच, कुठल्याही खात्यानं नाही. जत्रेतल्या कुस्त्या पाहा. पहिली जोड नारळाची, मग रकमा चढत जातात आणि शेवटची चांदीच्या कड्याची. नांदेडचा मल्ल येतो, यवतमाळचा येतो, निर्मलचा येतो. कोण कोणत्या राज्याचा हे फडात कुणी विचारत नाही. संक्रांतीपासून २६ जानेवारीपर्यंत आपल्याकडे गावोगाव खुल्या कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या स्पर्धा असतात. कापूस विकून पैसा हाताशी आलेला असतो, वर्गणी जमते. काळ्या रानाच्या गावात ट्रॅक्टरनं लाल माती आणतात, चाळतात, पाणी मारून दाबतात, फक्की ओढतात. ज्यानं काळ्या मातीवर उन्हाळ्यात भेगांतून आणि पावसात चिखलातून खेळ चालवायचा प्रयत्न केला आहे, त्याला या दोन ट्रॉली लाल मातीचं मोल कळेल. ती माती टाकणारी पोरं बहुतेक आपलेच जुने विद्यार्थी असतात. शाळा सुटून आठ-दहा वर्षं झालेली, दिवसभर शेतात किंवा जिनिंगमध्ये काम करून संध्याकाळी चढाईचा सराव करणारी. मला विचाराल तर आदिलाबादचा खरा क्रीडा विभाग हाच.

याच स्पर्धांच्या हस्तपत्रकावर एक ओळ नसते: महिला गट.

कारणं मी अनेक मंडळांकडून ऐकली आहेत आणि ती बहाणे आहेत असं मी म्हणणार नाही. सामने हॅलोजनच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चालतात. मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला जागा नसते, शौचालय नसतं. प्रेक्षकांत दारू पिऊन आलेले चार जण असतात. परतीच्या ऑटोची हमी कुणी घेत नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं कारण हे, की मुलींचे संघ येणार कुठून?

या शेवटच्या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे. दसऱ्यानंतर आपल्या मुली कुठे असतात ते आपण जाणतो. त्या कापूस वेचणीला असतात. शाळेच्या निवड चाचण्या आणि वेचणी पुष्कळदा एकाच हंगामात येतात आणि घरात कुणी थांबायचं हे ठरतं तेव्हा मुलीचा नंबर आधी लागतो. तरीही ती दहावीपर्यंत खेळते, कारण शाळा तिला बोलावून घेते, वसतिगृह असेल तर ठेवून घेते. दहावी झाली, ती आपल्या गुड्यात किंवा तांड्यावर परतली, की तीस-चाळीस घरांच्या वस्तीत खो-खोच्या नऊ जणी जमणार कशा? एकट्या वस्तीत जमणार नाहीत. तीन-चार वस्त्यांचा मिळून संघ केला तर जमतील. मुलांच्या बाबतीत आपण हे करतोच. अमुक गावाचा म्हणून उतरलेल्या संघात शेजारच्या गावाचे दोन पकडवीर सर्रास असतात.

आणि आपण एक वर्ग पूर्ण विसरलो आहोत, तो म्हणजे आपल्या सुना. किनवटची मुलगी लग्न होऊन तांसीत येते, जैनथची मुलगी वणीकडे जाते. यांतल्या कितीतरी जणी शाळेत खेळलेल्या आहेत, जिल्ह्यापर्यंत गेलेल्या आहेत. खुंटावर सूर कसा मारायचा ते त्यांच्या अंगात आहे. सासरच्या गावात ही गोष्ट कुणाला माहीतही नसते, कारण कुणी विचारलेलं नसतं. बावीस वर्षांची, एक मूल असलेली बाई मैदानावर येणार नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो. मूल झाल्यावरही मेरी कोम जगज्जेती झाली, हे या देशानं पाहिलेलं आहे.

ज्यांना दूरची उदाहरणं नकोत त्यांच्यासाठी जवळचं सांगते. निझामाबाद आपल्यापासून किती लांब? तिथली निखत झरीन २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघानं नेपाळला हरवून तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं, तेव्हा आपल्याला वाईट वाटलं. पण त्या इराणी संघाला घडवणाऱ्या प्रशिक्षक शैलजा जैन नाशिकच्या. त्या देशात मुलींच्या पोशाखापासून सगळ्या गोष्टींची बंधनं होती. त्या बंधनांच्या आत राहून त्यांनी संघ उभा केला. आपल्या गावातल्या अडचणी त्याहून मोठ्या आहेत असं मी मानत नाही.

सरकारचंही थोडं बोलते. २०२२ पासून तेलंगणात गावोगावी क्रीडा प्रांगणं झाली. काही गावांत त्यांचा चांगला उपयोग होतो, काही ठिकाणी ती वस्तीपासून इतकी दूर आहेत की खो-खोच्या खुंटांभोवती गवत वाढलं आहे आणि तिथं संध्याकाळी मुलीला पाठवायला कोणतीही आई तयार होणार नाही. मुख्यमंत्री चषकामुळे ग्रामपंचायतीपासून स्पर्धा होतात, त्याचं मी स्वागत करते. पण त्या आल्या आणि गेल्या, मधले अकरा महिने मैदान रिकामंच. म्हणून माझा भर शाळेच्या मैदानावर आहे. ते गावात असतं, त्याला बहुतेक ठिकाणी कुंपण असतं, शौचालय असतं, मुलीला त्याची सवय असते आणि आईबापांचा त्यावर विश्वास असतो. शाळा सुटल्यावर ते दोन तास माजी विद्यार्थिनींसाठी उघडं ठेवायचं. मुख्याध्यापकांना भीती असते ती जबाबदारीची. ती लेखी स्वरूपात ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीनं वाटून घेतली तर ती भीती कमी होते. पीईटींनी रोज थांबावं असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या अनेकांकडे दोन-दोन शाळांचा भार आहे आणि कित्येक शाळांत पीईटीच नाही. चावी एखाद्या जुन्या खेळाडू बाईकडे असली तरी चालेल. मी तर म्हणेन, तिच्याकडेच असावी.

खर्चाची काळजी करणाऱ्या मंडळांना सांगते, पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८. त्याच लाल मातीवर आतल्या बाजूला दुसरी फक्की मारली की झालं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं. त्याला दोन खुंट आणि सपाट जागा एवढंच लागतं. चेंडूसुद्धा लागत नाही. महिलांचे सामने पहिल्या दिवशी सकाळी उरकून टाकायची पद्धत मात्र नको. अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या आधी, त्याच दिवशी, त्याच गर्दीसमोर, उजेड असताना व्हावा. बक्षिसाची रक्कम तेवढीच असावी. पहिल्या वर्षी चारच संघ आले तरी ती रक्कम कमी करू नये, कारण दुसऱ्या वर्षी किती येतील हे त्या आकड्यावर ठरतं. आणि पंच बायका असाव्यात. आपल्या जुन्या खेळाडू नियम जाणतात. शिट्टी त्यांच्या हातात देऊन दोन दिवसांचं शिबिर घेतलं तर पंच तयार होतील. पलीकडच्या तालुक्यांतले आपले सहकारी आज इथं आहेत, हे शिबिर आपण एकत्र घेऊ शकतो. त्याला कुठल्या राज्याची परवानगी लागत नाही.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडते आहे. येत्या संक्रांतीपासून बेला, जैनथ, भीमपूर आणि तांसी या मंडलांत जिथं खुली कबड्डी होईल, तिथं महिला गट असेल आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या संघांना त्यात प्रवेश असेल. कार्यकर्त्यांनी मसुदा वाचून ठेवावा. वयाची वरची अट ठेवायची का, यावर माझं मत ‘नाही’ असं आहे, पण तुमचं ऐकायचं आहे. परतीच्या गाड्यांचा खर्च प्रवेश शुल्कातून काढायचा की वर्गणीतून, हे कलम मी कोरं ठेवलं आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यावर आधी बोलून घेऊ या, म्हणजे ठराव आजच लिहून पूर्ण होईल.