जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: पार्टिशन किती करायची?

नेकनूरहून बोलतोय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? मग आधी डिस्कच्या वाटण्या ठरवा.

एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशन चारच, आणि डिस्क साधारण २ टीबीपर्यंतच. मशीन यूईएफआयवालं असेल तर सरळ जीपीटी घ्या. त्यात टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

२५६ जीबीची डिस्क असेल तर ५१२ एमबी ईएफआयला, ६० जीबी रूटला, उरलेलं सगळं होमला. वावरासारखंच आहे, बांध एकदा पडला की सरकवायला लई ताप.

होम वेगळं का? सिस्टिम बिघडली तर फक्त रूट फॉरमॅट करायचं. फोटो, नोट्स जागेवर राहतात. पण डिस्कच गेली तर दोन्ही गेले. म्हणून आधी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी, मगच पार्टिशन. चला, भेटू!