घाटाचा राजा आणि वाटेवरची गावे



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांच्या शेजारी सायकलच्या शर्यतीचे नाव पाहून काहींनी भुवया उंचावल्या असतील. त्यांची भुवई मला मान्य आहे. पण सायकल हे वाहन माजरीला परके नाही. पहाटेच्या पाळीला डबा हँडलला अडकवून खाणीकडे निघालेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. परका आहे तो डोंगर. आपल्याकडे काळी सपाट जमीन आणि पलीकडे वर्धा नदी. उंचवटा म्हणावा तर खुल्या खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे, आणि तेही माणसानेच रचलेले. तेव्हा आज मी आपल्याला जरा दूरच्या घाटावर नेणार आहे. मात्र परत माजरीच्या रस्त्यावर आणून सोडीन.

डोंगरातल्या सायकल-शर्यतीचे माहेरघर म्हणजे युरोप. इटलीची मोठी शर्यत 1909 साली एका क्रीडा-वृत्तपत्राने सुरू केली. ते वृत्तपत्र गुलाबी कागदावर छापले जाई, म्हणून पुढे 1931 पासून आघाडीवरच्या स्वाराला गुलाबी सदरा देण्याची प्रथा पडली. ही शर्यत एका दिवसाची नव्हे. ती तीनेक आठवडे चालते आणि रोज एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. या रोजच्या मजलेत जी मजल डोंगरातून जाते, तिच्यावर बहुधा साऱ्या शर्यतीचा निकाल ठरतो.

अशा मजलांत 1949 च्या 10 जूनची मजल आजही आठवली जाते. ती कूनेओहून पिनेरोलोला गेली. कूनेओ या नावाचा अर्थ पाचर. दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव पाचरीसारखे बसले आहे, आणि त्याने इतिहासात पुष्कळ वेढे सोसले. पिनेरोलो हे जुन्या किल्ल्याचे गाव. लोखंडी मुखवट्याचा म्हणून जो कैदी कथाकादंबऱ्यांत गाजला, तो काही काळ तेथेच होता. ही दोन्ही गावे आल्प्सच्या पायथ्याशी, एकमेकांची शेजारीच म्हणा ना; सरळ वाटेने अंतर साठ-सत्तर किलोमीटर. पण शर्यत सरळ वाटेने गेली नाही. ती पाच खिंडी ओलांडून, फ्रान्सच्या हद्दीत शिरून पुन्हा इटलीत उतरत, 254 किलोमीटरांचा वळसा घेऊन गेली. फाउस्तो कॉप्पी हा स्वार पहिल्याच खिंडीत सर्वांना सोडून पुढे निघाला आणि सुमारे 190 किलोमीटर एकटा चालला. दुसरा आला तो जीनो बार्ताली, 11 मिनिटे 52 सेकंदांनी मागे.

हे दोघे कोण, हेही पाहण्यासारखे आहे. कॉप्पी महायुद्धात कैदी होऊन परतलेला. बार्तालीने त्याच युद्धात, सरावाचे निमित्त करून, सायकलच्या नळीत बनावट कागदपत्रे दडवून नेली आणि ज्यू कुटुंबांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला. ही गोष्ट त्याने हयातीत फारशी बोलून दाखविली नाही. युद्धाने मोडलेल्या देशात रस्त्याकडेला उभे असलेले लोक नुसती करमणूक पाहत नव्हते. कालपर्यंत ज्या रस्त्याने फौजा गेल्या, त्याच रस्त्याने आज आपली पोरे सायकलवरून जात आहेत, हे ते पाहत होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्रात या जातीची शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. मध्ये खंड पडले, पण ती पुन्हा पुन्हा उभी राहिली. सुमारे दीडशे किलोमीटरांची ही दौड बोरघाटातून जाते, आणि घाटमाथा जो पहिला गाठील त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पुण्यात पहिला येणारा वेगळा असू शकतो. घाटाचे राज्य घाटापुरते. मला ही पदवी फार आवडते. राजा होण्यासाठी येथे वंश लागत नाही, पोटऱ्या लागतात.

वाटेवरची गावे पाहा. पनवेल हे जुने बंदर आणि औषधनिर्मितीचे गाव; जवळच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मस्थान. घाटाखाली खोपोली. तेथे नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आहे, आणि डोंगरावरच्या तळ्यांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी 1915 साली वीज काढली ती तेथेच. घाट चढला की खंडाळा, मग चिक्कीचे लोणावळे. पुढे कार्ले-भाज्याची लेणी डाव्या-उजव्या हातांना राहतात. वडगाव येते, जेथे 1779 च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तह लिहून द्यायला लावले. तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचे. तेथेच लोकांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या फंडातून काचेचा कारखाना निघाला. मग देहूकडे जाणारा फाटा, मोरया गोसावींचे चिंचवड आणि शेवटी पुणे, जे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आगगाडीच्या खिडकीतून ही गावे पाट्या होऊन जातात. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक गाव पायांनी मोजावे लागते.

आणि घाट? 1830 साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, तेथून गाडीरस्ता झाला. 1863 साली रेल्वे चढली. पंचवीस बोगदे खोदताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पण जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कोठून न्यावी हे गोऱ्या साहेबाला एका धनगराने दाखविले आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला मरण आले, अशी कथा लोक सांगतात. कथा घडली तशी सांगितली जाते की नाही, याचा वाद मी घालणार नाही. पण रस्ता हुकुमाने होत नसतो, ज्याच्या पायाखाली ती वाट असते त्याच्या ज्ञानाने तो होतो, ही जाण त्या कथेत लोकांनी जपली आहे. शर्यतीतले स्वार त्याच देवळावरून माना खाली घालून वर चढतात.

चढणे म्हणजे काय, त्याचा हिशेब सोपा आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत उंचीतला फरक सुमारे पाचशे मीटर. स्वार आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो धरा आणि चढायला अर्धा तास धरा. नुसते वजन वर नेण्यासच दोनशे वॅटच्या वर शक्ती लागते; वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा विरोध त्याहून वेगळा. म्हणजे पाव अश्वशक्तीहून अधिक काम अर्धा तास अखंड करायचे. ज्यांनी फावड्याने कोळसा भरला आहे, त्यांना हा आकडा मी समजावून सांगण्याची गरज नाही.

सपाटीवर मात्र खरा शत्रू असतो वारा. तेथे स्वार एकमेकांच्या आडोशाने, घोळक्याने जातात. पुढचा वारा फोडतो, मागच्यांचे बरेच श्रम वाचतात. काही वेळाने पुढचा मागे येतो आणि दुसरा वाऱ्याला छाती देतो. प्रतिस्पर्धीसुद्धा हा नियम पाळतात, कारण तो न पाळला तर सारेच दमतात. घाट लागला की वेग कमी होतो, आडोशाचा उपयोग सरतो आणि प्रत्येक जण आपल्या वजनासह एकटा उरतो. संसाराला लावून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. पुष्कळशी वाट आपण एकमेकांच्या आडोशाने काटतो. काही चढ असे असतात की ते ज्याचे त्यानेच चढावे लागतात.

आणि आता परत माजरीकडे. सायकल ही माणसे जोडण्याची वस्तू आहे, हे आपल्या जिल्ह्याला बाहेरून शिकण्याचे कारण नाही. शेजारच्या वरोऱ्याहून, आनंदवनातून, बाबा आमटे निघाले आणि 1985 च्या डिसेंबरात शंभराहून अधिक तरुणतरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरच्या वाटेला लागले. बाबांना पाठीच्या दुखण्याने बसवत नव्हते. ते मोटारीत पडून बरोबर गेले. त्या दौडीत पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. पण गाव गावाला जोडणे हे शर्यतीचे खरे काम तिने केले.

मग आमचा प्रश्न असा, की रस्ता कोणाचा? शर्यतीच्या दिवशी पोलीस काही तास वाहने थांबवितात आणि सायकलस्वार राजा होतो. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, त्यावर सायकलला मज्जाव आहे; तेथे निदान जुना रस्ता तरी उरला. आपल्याकडे कोळशाचे ट्रक आणि शाळेत जाणारी मुलगी यांना एकच रस्ता आहे. सरकार मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या मुलींना सायकली देते. ही फार चांगली गोष्ट आहे. पण सायकल दिली आणि ती चालवायला जागा दिली नाही, तर दान अर्धेच झाले. पावसाळ्यात डांबराची कड खचते, उन्हाळ्यात कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते, आणि ट्रकच्या शिट्टीने दचकून मुलगी चिखलात उतरते. शेवटी बाप म्हणतो, ‘राहू दे शाळा.’ शिक्षण जेथे थांबते तो आपला घाट हाच.

हा घाट चढण्यास पाच खिंडींचे धाडस नको. रस्त्याच्या कडेला हातभर पक्की पट्टी हवी. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री हवी. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहने थांबविणारा नियम हवा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे गावकरी हवेत. घोळक्याचा नियम येथेही लागू आहे: पुढे कोणी तरी वारा फोडला पाहिजे, आणि तो थकला की दुसऱ्याने पुढे झाले पाहिजे. ग्रामपंचायतीत एकाने अर्ज करावा आणि बाकीच्यांनी बाकावर बसून पाहावे, असे चालणार नाही.

घाटाचा राजा वर्षातून एकदा होतो. रोज सकाळी पाच किलोमीटर पायडल मारून वेळेवर वर्गात पोहोचणाऱ्या मुलीला कोणी राणी म्हणत नाही. तिला पदवी नको, वाट हवी. ती देणे आपल्या हातचे आहे.