भांडण कशाचे, एकी कशावर?

(सफाळे, जि. पालघर येथे कोरडवाहू भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे आणि त्यावर चर्चा करावी.)



रात्रभर गाडीत बसून तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून या भाताच्या मुलखात आलात. वैतरणेचा पूल ओलांडला की सफाळे लागते. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे सातशे पडला तरी आपण पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढतो. काल जेवताना एक भाऊ म्हणाला, "एवढा पाऊस आमच्याकडे असता, तर आम्ही कशाला मोर्चे काढले असते?"

त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. एवढा पाऊस पडत होता तेव्हाही इथला वारली वेठीला जुंपलेला होता. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबत. पावसाळ्यात खावटीचे भात आणायचे आणि सुगीत त्याचे दीडपट-दुप्पट फेडायचे. तेव्हा नुसता पाऊस पडून कोणी सुखी होत नाही. पिकलेले कोणाच्या घरात जाते, यावर सगळे ठरते.

हे कोणाच्या घरात जावे, हा समाजवादाचा मूळ प्रश्न. त्यावर आपल्या महाराष्ट्रात साम्यवादी, समाजवादी, शेकाप, लाल निशाण, आंबेडकरवादी, सर्वोदयी असे अनेक पंथ झाले. एकमेकांशी ते इतके भांडले की ऐकणाऱ्याला वाटावे, यांचे एकही मत जुळत नसेल. आज मला सांगायचे आहे की काही गोष्टींवर त्यांचे पक्के जमत होते, काहींवर कधीच जमले नाही, आणि जे जमले नाही ते आज आपल्याच अंगणात येऊन बसले आहे.

जमले ते कशावर?

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे काही वारली गेले होते. ते परत आले आणि मागोमाग शामराव व गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले की वेठ करायची नाही. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये आणि शेतकामाला रोजी बारा आणे. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी गेले. पण वेठ उठली ती उठलीच. गोदावरीबाईंनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

आता शामरावांचे आधीचे काम बघा. ते काही जन्मतः साम्यवादी नव्हते. १९३७ ला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून आमदार झाले. १० जानेवारी १९३८ ला खोती रद्द करण्यासाठी मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला, त्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या काळ्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी यांनी मिळून संप केला. धर्म, जात, पक्षशिस्त यांवर या दोघांचे कडाक्याचे मतभेद होते. तरी खोताविरुद्ध आणि कामगाराचा संपाचा हक्क वाचवण्यासाठी ते एका रस्त्यावर उतरले.

दुसरे उदाहरण आपल्याच मुलखातले. १९७२-७३ चा दुष्काळ. दहा एकरांचा मालक आणि भूमिहीन मजूर एकाच खडी केंद्रावर खडी फोडत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तेव्हा समाजवादी, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, शेकाप, लाल निशाण सगळ्यांनी कामाच्या हक्काची मागणी लावून धरली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ ला कायदा झाली. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्या या अनुभवावरूनच पुढे आला.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. मागणी आकड्यात सांगता आली, ती अडाण्यालाही कळली आणि समोरचा कोण हे स्पष्ट असले, की पंथ एकत्र आले आणि जिंकले. पाचशे पौंडाला अडीच रुपये. खोती बंद. मागेल त्याला काम.

बिनसले ते कशावर?

पहिला तंटा जमिनीचा. कसेल त्याची जमीन, हे बहुतेक सगळे म्हणत. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन याच विचारातून आले. पण १९४७ ला बाबासाहेबांनी विचारले की ज्याला कूळ म्हणूनही जमीन मिळाली नाही, नुसते दुसऱ्याच्या बांधावर राबायचे, त्याचे काय? कूळ कायद्याने अस्पृश्य मजुराच्या हाती काहीच येत नाही. म्हणून जमीन राज्याची करा, गावाला जातपात न बघता सामूहिक शेतीसाठी द्या, असे त्यांनी मांडले. विनोबा म्हणाले, दान मागू. साम्यवादी म्हणाले, लढून घेऊ. प्रत्येकाच्या म्हणण्यात काही खरे होते, पण एकाचे दुसऱ्याला पटले नाही.

दुसरा तंटा, ठरवायचे कोणी? याला साक्ष हा पालघर तालुकाच. १९७० ला डाव्या आणि समाजवादी पक्षांनी जमीन बळकाव सत्याग्रह केला. पुढारी तुरुंगात गेले, सुटून आले, फोटो छापून आले. आदिवासीची जमीन होती तिथेच राहिली. त्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या काळूराम धोदडे आणि त्यांच्या साथींनी भूमिसेना काढली. बळकावलेल्या जमिनीवरचे पीक त्यांनी स्वतः कापून नेले. गावोगाव तरुण मंडळे उभी केली. त्यांचे म्हणणे एवढेच होते की बाहेरच्याने मदत करावी, पण निर्णय आमचा. १९७८ ला डहाणूकडे कष्टकरी संघटना उभी राहिली. तिचे आणि मार्क्सवादी पक्षाचे तर हाणामारीपर्यंत गेले. दोघांच्याही बाजूला तोच वारली, तोच कष्टकरी. भावांनो, सावकाराला यापेक्षा चांगला दिवस कोणता?

तरीही पुढे काय झाले ते बघा. वनजमिनीच्या हक्कासाठी प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ ला निकाल लागला की कागद नसला तरी दुसरा पुरावा तपासला पाहिजे. २००६ ला वनहक्क कायदा आला. त्याचे दावे या जिल्ह्यात किसान सभेनेही भरले, कष्टकरी संघटनेनेही भरले. मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान सभेच्या मोर्चातही वनजमिनीची मागणी पुढे होती. न्यायालयाची वाट आणि रस्त्याची वाट एकाच सातबाऱ्यापाशी येऊन मिळाली.

तिसरा तंटा आपला

तिसरा तंटा आहे, पैसा कोणी द्यायचा? कारखाने उभे करायचे, शहरे वाढवायची, तर भांडवल कुठून आणायचे?

हा प्रश्न पहिल्यांदा रशियात पेटला. १९२३ च्या शरद ऋतूत तिथे कारखान्याच्या मालाचे भाव शेतमालाच्या मानाने १९१३ च्या सुमारे तिप्पट झाले होते. आलेखावर दोन रेषा एकमेकींपासून फाकत गेल्या, म्हणून त्याला कातरी म्हणू लागले. शेतकऱ्याने धान्य विकायचे कमी केले. प्रिओब्राझेन्स्की म्हणाला, कामगारांच्या राज्याला भांडवल हवे, ते शेतकऱ्याकडून भावाच्या फरकातून घ्यावे लागेल. बुखारिन म्हणाला, शेतकरी सुधारला तरच कारखान्याला गिऱ्हाईक मिळेल. दोघेही पक्के साम्यवादी. शेवटी स्टालिनने १९२९ पासून सक्तीने सामूहिक शेती लादली. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तीही धान्य पिकवणारीच.

आपल्याकडे लोहियांनी दाम बांधो म्हटले. दोन हंगामांत धान्याचा भाव फार हलू नये आणि कारखान्याच्या मालाची किंमत उत्पादन खर्चाच्या दीडपटीवर जाऊ नये. गंमत बघा. लोहियांना दीडपट ही कारखानदाराला घातलेली वेसण हवी होती. आज स्वामिनाथन आयोगाचा दाखला देऊन आपण तीच दीडपट आपल्यासाठी किमान म्हणून मागतो. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी आली, तीही समाजवादाच्याच नावाने. दलाल गेला हे खरे. पण गिऱ्हाईक एकच उरले आणि राज्याच्या सीमेपलीकडे कापूस नेणे गुन्हा झाला. म्हणजे सरकारी मालकी आली की शेतकऱ्याचे राज्य आले, असे होत नाही.

आपल्या अंगणात

आता कडू बोलतो. मी शेतीचा पदवीधर. कॉलेजात कपाशीच्या एकरी खर्चाचा तक्ता शिकलो. नांगरणी, बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि शेवटी एक रकाना, वेचणी. मी तो रकाना कमी कसा करता येईल हे शिकलो. त्या रकान्यात बाया असतात, हे मला तुमच्या गावांत आल्यावर कळले.

समजा वेचणी किलोला दहा रुपये. क्विंटलला हजार झाले. सात हजार भाव मिळाला तर सातवा हिस्सा वेचणीत गेला. शेतकरी म्हणतो, मजूर माजले. मजूर बाई म्हणते, दिवसभर वाकून एवढेच? वारल्यांच्या लढ्यात समोर जमीनदार होता, ओळखायला सोपा. आपल्याकडे दहा एकरांचा कोरडवाहू माणूस बाजारात लुटला जातो आणि बांधावर मालक असतो. डाव्यांनी त्याला धनिक शेतकरी म्हणून झटकले. शेतकरी चळवळीने म्हटले, आधी भाव मिळू द्या, मजुरी आपोआप वाढेल. आपोआप किती वाढली, ते तुम्हीच घरच्या बायकांना विचारा. त्यातल्या कित्येक दुसऱ्याच्या वावरातही वेचायला जातात.

आणि हिशेबही ऐका. हमीभाव खर्चावर मोजतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट म्हटले, पण त्यात जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले नाही. आपण सगळा खर्च धरा म्हणतो. त्या खर्चात वेचणीची मजुरीही आहे. मजुरी वाढली की आपल्या मागणीचा आकडा वाढतो. बाजार हमीभावाच्या खाली असेल तेव्हा मात्र ही वाढ आपल्या खिशातून जाते, हेही खरे. म्हणूनच दोन्ही प्रश्न एकत्र लढावे लागतील.

माझी सूचना साधी आहे. दसऱ्याआधी गावात बैठक घ्या. वेचणाऱ्या बायांना ओट्याखाली नाही, सतरंजीवर शेजारी बसवा. वेचणीचा दर ठरवा आणि कापूस अमुक भावाच्या वर गेला तर किलोमागे किती वाढवायचे, तेही लिहा. मग त्याच कागदावर हमीभावाची मागणी लिहा. सह्या दोघांच्या घ्या. जिल्हा बैठकीत भावाचा ठराव एकटा आणू नका.

इथल्या वारल्यांनी पाचशे पौंडाला अडीच रुपये म्हटले आणि मोठमोठे विद्वान त्यांच्या मागे आले. आपलाही आकडा तसा ठरू द्या. पंथांची भांडणे आपण मिटवू शकणार नाही. पण आपल्या धुऱ्यावरचे एक भांडण यंदाच्या हंगामात मिटवता येईल. ते मिटवूनच पुढच्या बैठकीला या.