रंगाची शेड आणि मोकळी हवा

आज रंगकामाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. भिंतीला चुना देण्याविषयी नव्हे. गनने रंग उडवतात, त्या स्प्रेच्या रंगाविषयी.

आपल्या डहाणू-तलासरी भागातली मुले उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांतली काही रंगाची गन धरायला शिकतात. मग गावी येतात, एक जुना कॉम्प्रेसर घेतात आणि घराच्या पडवीत काम मांडतात. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी कपाटे, मोटारसायकलच्या टाक्या, टेंपोचे दरवाजे. धंदा चांगला आहे. हातात कसब असेल तर दोन पैसे मिळतात. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण रंग उडवल्यावर हवेत जे मिसळते ते जाते कोठे? ते आज पाहू.

रंग आपल्याला नवा नाही. आपल्या वारली बाया लग्नाचा चौक लिहितात तो कशाने? तांदळाच्या पिठाने आणि पाण्याने. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चौक वाळला म्हणजे काय होते? पाणी उडून जाते, पीठ भिंतीवर राहते. उडालेल्या पाण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

डब्यातला रंगही असाच वाळतो. पण त्यात पाणी नसते, थिनर असते. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन अशी द्रव्ये असतात. ती पेट्रोलच्या नात्यातली. रंग वाळतो तेव्हा हे थिनर वाफ होऊन हवेत जाते. म्हणजे बाटलीभर थिनर घातले, तर ते सगळे शेवटी त्या खोलीच्या हवेत येणार. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो रंगाचा धुरळा. लोक धुरळ्याला भितात आणि वाफेला विसरतात.

या वाफेचे दोन गुण ध्यानात ठेवा.

पहिला गुण असा की ती हवेपेक्षा जड आहे. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. थंडीत पहाटे धुके खाचरात बसून राहते, तशी ही वाफ जमिनीलगत बसते. छपराला कितीही भोके पाडा, ती आपण होऊन वर जाणार नाही. ती सरपटत जाते, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत शिरते. त्या खोलीत चटईवर लहान मूल निजले असेल, तर आपल्यापेक्षा जास्त वाफ त्याच्या नाकात जाते. ते जमिनीजवळ असते ना!

दुसरा गुण तिचे पेटणे. हवेच्या 100 भागांत टोल्युइनच्या वाफेचा सव्वा भाग मिसळला, की भडक्याला एक ठिणगी पुरते. आणि हे द्रव्य चांगले गार असले तरी पेटण्याजोगी वाफ सोडते. मग आपल्या वैशाखात काय होत असेल? वाफ चुलीपर्यंत सरपटत जाते, तेथे पेटते आणि आग उलटी धावत थिनरच्या डब्यापाशी येते. विडी, देवापुढचा दिवा, विजेचे बटण, सगळे सारखेच धोक्याचे.

आता अंगावर काय परिणाम होतो? डोके दुखते. घेरी येते. माणूस ताडी प्यायल्यासारखा झुलतो. वर्षानुवर्षे वाफ पोटात जात राहिली तर विसराळूपणा येतो, हात कापतात. आम्ही एका रंगाऱ्याला विचारले, वास सोसतो कसा? तो म्हणाला, "गुरुजी, पहिलं चार दिवस येतो. मग सवय होते." मंडळी, ही सवय नव्हे. नाक थकते. वास कळेनासा होतो, पण वाफ तेवढीच असते.

तलासरीकडच्या एका पाड्यावर आम्ही अशी एक शेड पाहिली. पोराने चारी बाजूंनी प्लास्टिक लावले होते. का, तर ओल्या रंगावर धूळ बसू नये. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. धूळ बसली की गिऱ्हाईक पैसे कापते. पण त्याने आपल्याला पिशवीत कोंडून घेतले होते. धुळीला उपाय वेगळा आहे. काम सुरू करण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडा. हवा आत येते त्या तोंडाला पातळ सुती कापडाची चौकट लावा आणि ते कापड वरचेवर धुवा. धूळ अडते, हवा अडत नाही.

आपली जुनी झोपडी या बाबतीत शहाणी होती. कारवीचा कूड, वर गवत किंवा कौले. चुलीचा धूर फटीफटीतून निघून जाई. आता घरकुलाची पक्की खोली झाली. वीट, सिमेंट, वर स्लॅब. पाऊस लागत नाही, वारा लागत नाही, हे सुखच आहे. पण अशा खोलीत रंग उडवला तर वाफेला वाट राहत नाही. म्हणून पक्क्या खोलीत किंवा घराला लागून असलेल्या पडवीत हे काम करूच नका.

मग कोठे करावे? आमचे मत विचाराल तर, थोडे काम असणाऱ्याने शेड बांधूच नये. घरापासून तीसचाळीस पावले दूर चार लोखंडी खांब उभे करावे, वर पत्रा घालावा आणि चारी बाजू मोकळ्या ठेवाव्या. वाऱ्यासारखा फुकट पंखा नाही. रंग थोडा जास्त वाया जाईल, जाऊ द्या.

ज्याचे काम रोजचे आहे त्याने मात्र नीट शेड करावी. शेडला तीन बाजू पत्र्याच्या आणि चौथी बाजू उघडी. बांबू, ताडपत्री, प्लास्टिक नको, ते पेटते. उघड्या बाजूने ताजी हवा आत येईल. समोरच्या पत्र्यात, खालच्या अंगाला, हवा बाहेर खेचणारा पंखा बसवायचा. रंगवायची वस्तू पंख्याच्या बाजूला ठेवायची.

आणि आपण कोठे उभे राहायचे? भात उफणताना तुम्ही कसे उभे राहता? वारा पाठीवर घेता. तोंडावर घेतला तर सगळे भूस डोळ्यांत. येथेही तसेच. ताजी हवा पाठीवर, वस्तू समोर, पंखा वस्तूच्या पलीकडे. वस्तू आणि पंखा यांच्यामध्ये कधी उभे राहू नका.

हवेला दोन तोंडे लागतात हेही विसरू नका. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात पडते. दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. दार लावून पंखा चालवला तर पंखा नुसता घोंगावतो, हवा हलत नाही.

पंखा केवढा हवा? गणिताला घाबरू नका, सोपे आहे. उघड्या तोंडातून हवा दर मिनिटाला 100 फूट या वेगाने आत यावी. माणूस रमतगमत चालतो त्याहून हे मंदच आहे. तोंड 4 फूट रुंद आणि 4 फूट उंच असेल तर चार चोक सोळा, म्हणजे 16 चौरस फूट. त्याला 100 ने गुणा. मिनिटाला 1600 घनफूट हवा खेचणारा पंखा पाहिजे. दुकानदार घनमीटर सांगेल, तर तासाला सुमारे 2700 घनमीटर म्हणा. पुढे जाळी लावल्यावर पंख्याचा जोर कमी होतो, म्हणून त्याहून मोठाच घ्या. पारख करायला शेडच्या तोंडाशी सुताचे धागे टांगा. सगळे धागे आतल्या बाजूला कलले पाहिजेत. एखादा सरळ लोंबत राहिला, तर तेथून हवा येत नाही असे समजा. उदबत्तीने पाहण्याची खोड आपल्याकडे आहे. रंगाच्या शेडमध्ये ती नको.

आता महत्त्वाची गोष्ट. स्वयंपाकघरातला साधा एक्झॉस्ट पंखा येथे चालत नाही. त्याची मोटर मधोमध असते. सगळी वाफ तिच्यावरून जाते. मोटर तापली किंवा ठिणगी पडली की संपले. दुकानात फ्लेमप्रूफ मोटरचा पंखा मिळतो. तो महाग असतो. नाहीतर मोटर वाफेच्या वाटेबाहेर ठेवून पट्ट्याने पाते फिरवतात. ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. दोन्ही जमत नसेल तर पंख्याचा नाद सोडून मोकळ्या मांडवात काम करा. दिवा, बटणे, कॉम्प्रेसर आणि मोबाइल शेडच्या बाहेर. वीज गेली तर गन लगेच ठेवा. कॉम्प्रेसर बंद पडला तरी त्याच्या टाकीत हवा शिल्लक असते, गन चालूच राहते. पण पंखा थांबलेला असतो! पोरे येथेच चुकतात.

पंख्यापुढे जाळीची चौकट लावतात, तिला फिल्टर म्हणतात. ती धुरळा अडवते, वाफ अडवत नाही. ती भरली की बदला. तेलरंगाच्या चिंध्या आणि भरलेले फिल्टर ढीग करून टाकू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

तोंडाला गमछा बांधून भागत नाही. गमच्यातून वाफ सरळ आत जाते. रंगाऱ्याचा मुखवटा वेगळा असतो. त्याला कोळशाच्या डब्या असतात, त्या वाफ शोषतात. वास येऊ लागला की डब्या बदलायच्या. पण नाक थकते हे आपण पाहिलेच, म्हणून वासाची वाट न पाहता डबीच्या खोक्यावर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे बदलणे बरे. काम झाल्यावर मुखवटा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. उघडा टांगला तर डबी फुकट जाते.

गाड्यांचा चकचकीत रंग दोन डब्यांचा येतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हा हार्डनर फार जहाल. त्यात आयसोसायनेट असते. 1984 साली भोपाळला हजारो माणसे ज्या वायूने मेली, त्याचे नाव मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधले द्रव्य तेच नव्हे, पण त्याच कुळातले. त्याने दमा जडतो. एकदा जडला की पुढे थोडीशी वाफही माणसाला सोसत नाही. बाहेरून नळीने ताजी हवा मिळणारा मुखवटा असल्याशिवाय त्याला हात लावू नये. आम्ही तर म्हणतो, हे काम घरच्या शेडमध्ये घेऊच नका. गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवा.

बाहेर टाकलेली हवा कोठे जाते तेही पाहा. आपल्या किनाऱ्याला दिवसा समुद्रावरून, पश्चिमेकडून वारा येतो. शेडचे तोंड पश्चिमेला आणि पंखा पूर्वेला ठेवला तर वारा मदत करतो. उलटे केले तर पंखा वाऱ्याशी झगडतो. तलासरीच्या आतल्या भागात मूठभर भूस उडवून वारा पाहा. पंख्याच्या तोंडासमोर शेजाऱ्याचे दार, विहीर, गोठा किंवा वाळत घातलेले बोंबील नसावेत. आणखी एक. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. म्हणून कायमचा धंदा मांडण्याआधी ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करा.

कोणाला घेरी आली तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्या. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा, तोंडात पाणी ओतू नका, 108 ला फोन करा. थिनर पेटले तर पाणी टाकू नका. थिनर पाण्यावर तरंगते, आग पसरते. कोरड्या रेतीच्या दोन बादल्या दाराशी भरून ठेवा.

राहिला पावसाळा. पाऊस आत येतो म्हणून लोक शेडचे तोंड बंद करतात, आणि अपघाताला तेच कारण होते. शिवाय दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणजे कामही बिघडते. झडीच्या दिवशी गन खुंटीला ठेवा. त्या दिवशी घासकाम करा, पुट्टी भरा. रंगवलेली जाळी वाळायला घरात आणू नका. रात्रभर तिच्यातून वाफ निघत असते. उघडीप पडली की शेड उघडा. रंग उडवून झाल्यावरही पंखा आणखी पंधरावीस मिनिटे चालू ठेवा, मग बाहेरूनच बटण बंद करा.