जुने खून, नवा पुरावा



या गावात जुन्या खटल्याविषयी बोलावयाचे म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना मनातल्या मनात वळसा घालूनच बोलावे लागते. ८ मे १९३० रोजी मंगळवार पेठेतील चौकीवर दोन पोलीस मारले गेले. त्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. खून यांनी केलेच नव्हते, असे गाव सांगत आले आहे. मग तो खटला पुन्हा उघडता येईल काय, असे तरुण मंडळी विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी थोडे लांब जाऊन येऊ.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९५५ साली एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा मारला गेला. सर्व गोऱ्या ज्यूरीने दोघाही आरोपींना सोडले. पुढे काही महिन्यांतच त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन कबुली दिली, ती छापूनही आली, आणि कायदा हात चोळीत बसला! एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच आरोपाखाली पुन्हा खटला भरता येत नाही. आपल्याकडेही नियम हाच आहे. सरकारला अपील करता येते तेवढेच.

त्याच राज्यात १२ जून १९६३ रोजी मेडगर एव्हर्स या पुढाऱ्याचा खून झाला. आरोपी बेकविथ याच्यावर १९६४ साली दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही. ‘निर्दोष’ हा शब्द उच्चारला गेला नाही, म्हणून दार किलकिले राहिले. १९८९ साली एका बातमीदाराने सरकारी खात्याचे गुप्त कागद बाहेर काढले. ज्यूरी पारखण्यात त्या खात्याने आरोपीच्या वकिलांना मदत केली होती. खुनातील रायफल एका दिवंगत न्यायाधीशाच्या घरी निघाली. पहिल्या खटल्याची नक्कल एव्हर्स यांच्या पत्नीने इतकी वर्षे जपून ठेवली होती. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी बेकविथला जन्मठेप झाली. पाहा, ज्याला आपण नवा पुरावा म्हणतो तो बराचसा जुनाच होता. कोणी तरी तो टाकून दिला नव्हता, इतकेच.

आता घरचे उदाहरण. गांधीजींच्या खुनाचा निकाल १९४९ साली लागला. १९६४ च्या नोव्हेंबरात, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या सत्कारसमारंभात ग. वि. केतकर पुण्यात बोलून गेले की, या बेताची कुणकुण आपणास आधीच होती. त्यातून चौकशी उभी राहिली, पुढे ती न्यायमूर्ती कपूर यांच्याकडे आली आणि १९६९ साली अहवाल आला. पोलिसांची ढिलाई त्यात नोंदली गेली, हे मोठेच काम झाले. पण सावरकर न्यायालयातून निर्दोष सुटले होते व १९६६ साली निवर्तले होते. त्यांच्याविषयी आयोगाने दिलेल्या मतावर अजून भांडण चालू आहे. मेलेल्या माणसाला उलटतपासणी घेता येत नाही, ही अशा चौकशीतील अडचण आहे. पुढे चौथ्या गोळीची गोष्ट पुढे करून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८ साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, आणि मला वाटते योग्यच केले. शंका म्हणजे पुरावा नव्हे.

तर आपल्या चौघांचे काय? येरवड्याचा फास कोणताही खटला सोडवू शकत नाही. चौकशी मात्र होऊ शकते. पण ‘गाव सांगते’ एवढ्यावर ती उभी राहणार नाही. शिवाय ते दोन पोलीसही कोणाच्या तरी घरचे होते. चौघांनी मारले नाही, तर कोणी मारले, हे विचारण्याचे आपण आजवर टाळले आहे. हुतात्म्यांविषयीच्या आदराला या प्रश्नाने बाध येतो असे मला वाटत नाही.

त्या पिढीतील साक्षीदार आता उरले नाहीत. परंतु मार्शल लॉच्या दिवसांतील एखादे पत्र, समन्स, वकिलाची वही, दंडाची पावती आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावरील पेटीत असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी तिची नक्कल करून येथील एखाद्या ग्रंथालयात द्यावी. तुटक, फाटकी असली तरी द्यावी.