मामाच्या शेडसमोरचं ड्राइव्ह-इन

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज पिक्चरची गोष्ट. माझ्या आजी-आबांनी लग्नानंतर 52 वर्षांनी पहिल्यांदा शेजारी बसून बघितलेल्या पिक्चरची.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. मी नोकरीला पुण्यात. 2021 मध्ये आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तेव्हापासून दवाखाना सोडला तर माणूस घराबाहेर पडायला तयार नाही. जेवताना सांडतं, मधेच तोंडातून मोठा आवाज निघतो. त्याची त्यांना लाज वाटते.

पुढच्या दिवाळीत मी हट्टाने त्यांना एका मल्टिप्लेक्सला नेलं. व्हीलचेअरची जागा एकदम पुढे, कोपऱ्यात. आमच्या सीट आठ रांगा मागे. आबांचा आवाज निघाला की लोक माना वर करून बघायचे. इंटरव्हललाच आम्ही बाहेर पडलो. गाडीत आबा एवढंच म्हणाले, "परत नको."

त्या रात्री आजी मला म्हणाली, "तंबूत पण असंच व्हायचं बघ. हे तिकडं, मी इकडं."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तंबू टॉकीज बघितली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, डिसेंबरच्या आसपास. मोठा बैलबाजार असतो. अशा यात्रांमध्ये टूरिंग टॉकीज यायच्या. ट्रकमध्ये तंबू, प्रोजेक्टर, रिळांचे डबे. दिवसभर कर्ण्यावरून पुकारा आणि अंधार पडला की खेळ. घरातलं पोतं नाहीतर घोंगडं अंथरून खाली बसायचं. या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाची सुंदर डॉक्युमेंटरी आहे, 2016 मध्ये कान महोत्सवात गाजलेली. नक्की बघा.

तर आजी-आबांचं लग्न 1971 चं. शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला 1972 मध्ये. दोघांनी तो यात्रेतच बघितला, पण तंबूत मधे दोर. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी. आजी म्हणाली, "घरी आल्यावर सासूबाईंसमोर पिक्चरचं नाव काढायची पण सोय नव्हती."

म्हणजे तेव्हा मधे दोर होता आणि आता व्हीलचेअर आली. मला रात्रभर झोप नाही आली.

मग डोक्यात आलं ड्राइव्ह-इन. गाडीत बसून पिक्चर. मुंबईत बीकेसीला आहे एक, नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालेलं, मॉलच्या गच्चीवर. पण आबांना तेवढा वेळ गाडीत बसवणं शक्य नव्हतं. म्हटलं, आपणच करू.

आणि गंमत ऐका. जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन असंच घरच्या अंगणातून सुरू झालं. अमेरिकेत न्यू जर्सीचा रिचर्ड हॉलिंग्सहेड. त्याने गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला आणि प्रयोग करत बसला. 6 जून 1933 ला कॅम्डेनमध्ये त्याचं थिएटर उघडलं. पोरं कितीही दंगा करू देत, अख्खं कुटुंब घेऊन या, अशीच त्याची जाहिरात होती. मला तेच पाहिजे होतं!

माझा मामा तासगावजवळचा, द्राक्षबागायतदार. मे महिन्यात बेदाण्याचा सीझन संपलेला असतो, शेडसमोरचं मैदान मोकळं. मामाने शेडच्या पत्र्याला पांढरं कापड ताणून बांधलं. प्रोजेक्टर मित्राकडून आणला. आता तुम्हाला करायचं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, प्रोजेक्टर लांब नेऊन पडदा मोठा करायचा मोह टाळा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. शक्यतो अमावास्येच्या आसपासची रात्र धरा.

दोन, आवाज. मोठ्या ड्राइव्ह-इनमध्ये तो गाडीच्या एफएमवर येतो. पण आपल्याकडे परवानगीशिवाय एफएम ट्रान्समीटर लावता येत नाही. मी ब्लूटूथने गाडीच्या स्टीरिओला जोडला, तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून. व्हीएलसीमध्ये ऑडिओ पुढे-मागे करता येतो, तिथे जुळवला.

तीन, मागच्या सीटवरून पुढच्या सीटची डोकी आडवी येतात. आम्ही पुढचे हेडरेस्ट काढले आणि पुढची चाकं मातीच्या उंचवट्यावर चढवली. नंतर कळलं, हॉलिंग्सहेडने याच उताराचं पेटंट घेतलं होतं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग मला पण दे की पेटंट!"

आबा यायलाच तयार नव्हते. "व्याह्यांच्या दारात जाऊन गाडीतच बसायचं?" हे एवढं वाक्य बोलायला त्यांना अर्धा मिनिट लागला. शेवटी मामाने फोन केला, "आबा, तुम्ही उतरूच नका. चहा गाडीत येईल." आणि खरंच, मामी काचेतून चहा, मग भडंग, मग जेवण देत राहिली.

आठच्या सुमारास 'पिंजरा' लावला. मागच्या सीटवर आजी आणि आबा. पोरं छोट्या हत्तीच्या हौद्यात, बाकीचे बाजेवर. आबांचा आवाज निघत होता, सांडत होतं. पण गाडीच्या काचा वर होत्या, कोणी वळून बघणारं नव्हतं.

लावणी सुरू झाली आणि आबांनी ओठ गोळा केले. शिट्टी मारायची होती. नुसती हवा आली.

आजीने त्यांच्याकडे बघितलं. "अहो, म्हणजे तेव्हा तिकडं शिट्ट्या मारत होता की काय तुम्ही?"

आबा हसले. झटका आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मी पुढे बाहेर बॉनेटजवळ उभा होतो, तोंड फिरवून प्रोजेक्टरची वायर बघायला लागलो.

त्याने आबा बरे झाले, असं काही नाही. उजवा हात अजून तसाच आहे. पण आता दर पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणतात, "गाडी काढ." कुठेतरी चहाला जातो. उतरत नाहीत, चहा गाडीत येतो.

तुमच्या घरात पण असं कोणी असेल, जे "तुम्ही जाऊन या, मी थांबतो" म्हणतं. त्यांना न्यायला काय बदलावं लागेल, तेवढं एकदा बघा. आणि केलंत काही, तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!