आयकराच्या फॉर्मवरचा ‘जोडीदार’

(बसवनगुडी, बंगळूर येथे रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



याच बसवनगुडीत बी. पी. वाडिया यांनी १९४५ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर स्थापन केली. त्याच वाडियांनी १९१८ साली मद्रासच्या गिरणी कामगारांची युनियन उभारली होती. पुढे कंपनीने त्यांच्यावर हायकोर्टात दावा लावला आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियन होती, पण तिला कायद्याची मान्यता नव्हती. ती आली १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने. म्हणून ‘मान्यता’ या शब्दाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

आज मान्यतेचाच एक वेगळा प्रश्न मांडतो. परदेशात दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे कायदेशीर लग्न झाले, तर दुसऱ्या देशातील कर खात्याने ते धरायचे की नाही?

न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांनी २००७ साली कॅनडात आपल्या जोडीदारणीशी लग्न केले. २००९ मध्ये ती वारली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने लग्न मानले नाही आणि वारसा कर म्हणून ३ लाख ६३ हजार डॉलर घेतले. नवरा वारला असता तर हा कर शून्य होता. २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने विंडसर यांच्या बाजूने निकाल दिला. लग्न जिथे झाले तिथे कायदेशीर असेल, तर ते करासाठी धरू, असे कर खात्याने त्याच वर्षी जाहीर केले.

आपल्याकडे काय? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. तो विषय संसदेचा, असे सांगितले. म्हणजे न्यूयॉर्कचा दाखला घेऊन बंगळुरात परतलेले जोडपे तिथल्या फॉर्मवर विवाहित आणि इथल्या फॉर्मवर अविवाहित!

याचा हिशोब पाहा. नवऱ्याने बायकोला १० लाख रुपये भेट दिले, तर तिला त्या रकमेवर कर नाही. समलिंगी जोडीदाराला दिले, तर ५० हजारांची मर्यादा ओलांडली म्हणून पूर्ण १० लाख त्याच्या उत्पन्नात धरले जातात. ३० टक्के दर लागला तर ३ लाख गेले, वर उपकर. मुंबईतील एका जोडप्याने याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मान्यतेबरोबर बोजाही येतो, हेही सांगितले पाहिजे. बायकोला दिलेल्या पैशावरचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तो नियम या जोडप्यांनाही लागेल. ते सवलत मागत नाहीत, सारखा नियम मागतात.

आपण म्हणाल, ही बड्या पगारवाल्यांची भांडणे. पण आपले नियमपुस्तक उघडा. कौटुंबिक पेन्शन विधवेला किंवा विधुराला. रेल्वेचा पास ‘कुटुंबा’ला. प्रॉव्हिडंट फंडात कुटुंब असेल, तर नॉमिनेशन त्यातल्याच माणसाचे. वीस वर्षे एका चुलीवर जेवलेला सोबती यांत कुठेच बसत नाही. उद्या एखादा गँगमन किंवा पोस्टमन गेला, तर त्याच्या सोबत्याने कोणत्या खिडकीवर जायचे?

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्याने खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, एकमेकांना नॉमिनी करता येते. तेवढे जरूर करून घ्या. पोस्टातल्या बचत खात्यावरही नॉमिनी लावा. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही करा. पेन्शन आणि पास मात्र मृत्युपत्राने मिळत नाहीत. त्यासाठी नियमातला शब्दच बदलावा लागेल.

नियमातला शब्द बदलून घेणे हे युनियनचे जुनेच काम आहे. आपल्या शाखेत असा सभासद असेल, तर तो बहुधा गप्प असेल. त्याने तोंड उघडण्याची वाट न पाहता ही मागणी आपल्या मागणीपत्रात घाला. वर्गणी त्याचीही तेवढीच आहे.